गोळीचं काम, बोलण्याचं काम

राफाएल ओशेरॉफ चालत असत. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत, रुग्णालयाच्या बोळातून या टोकाकडून त्या टोकाकडे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने रोजचे अठराएक मैल होत. पावलं सुजली, फोड आले, डॉक्टरांना ते दाखवावे लागले. झोप उडाली होती, अन्न गोड लागत नव्हतं. सात महिन्यांत वजन अठरा किलोंनी उतरलं. पायाच्या फोडांवर औषध मिळालं. ज्या आजारापायी ते चालत होते, त्यावर मात्र औषध द्यायचं नाही असं तिथल्या मंडळींनी ठरवून टाकलं होतं.

हे साल १९७९. ठिकाण अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं रॉकव्हिल गाव आणि रुग्णालयाचं नाव चेस्टनट लॉज. ओशेरॉफ स्वतः डॉक्टर होते, मूत्रपिंडविकारांचे तज्ज्ञ. शेजारच्या व्हर्जिनियात त्यांचा डायलिसिसचा जम बसलेला व्यवसाय होता. नैराश्यानं घेरल्यावर त्यांनी न्यूयॉर्कचे नामांकित मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांच्याकडे उपचार घेतले. गोळ्यांनी थोडा उतार पडला, पण त्यांनी त्या सांगितल्याप्रमाणे चालू ठेवल्या नाहीत आणि पुन्हा घसरण झाली. मग जानेवारीत ते लॉजमध्ये दाखल झाले. तिथे आठवड्यातून चार वेळा मनोविश्लेषणाच्या बैठका होत. प्रकृती दिवसेंदिवस ढासळत चालली, तशी घरच्यांनी औषधाची विचारणा केली. रुग्णालयातल्या डॉक्टरांची बैठक बसली आणि उपचार आहेत तसेच चालू ठेवावेत असा निर्णय झाला. त्यांच्या मते रोगाचं मूळ स्वभावात होतं. वरचं दुःख गोळीनं बधिर केलं, तर मुळाशी जायची वाटच बुजेल.

आज हे वाचताना राग येतो. मलाही आला होता. पण हा हट्ट कुठून आला हे पाहिलं की राग थोडा निवळतो.

चेस्टनट लॉजची इमारत मुळात एक हॉटेल होती. १९१० मध्ये अर्नेस्ट बुलार्ड या डॉक्टरांनी तिथे मनोरुग्णांसाठी खासगी रुग्णालय थाटलं. पुढे त्यांचे चिरंजीव डेक्स्टर बुलार्ड यांच्या हाती कारभार आला आणि त्यांच्याच काळात, १९३५ मध्ये, फ्रीडा फ्रॉम-राइशमान तिथे आल्या. नाझी जर्मनीतून बाहेर पडलेल्या या ज्यू डॉक्टरीणबाई रुग्णालयाच्या आवारातल्याच एका छोट्या घरात राहिल्या आणि १९५७ मध्ये तिथेच वारल्या. त्या काळी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाशी बोलण्यात अर्थ नाही असं खुद्द फ्रॉइडचंही मत होतं. बाई मात्र महिनोन्‌महिने अशा रुग्णासमोर बसत. तो गप्प राहिला तरी बसत, शिव्या दिल्या तरी बसत. त्यांच्या हाताखाली बरी झालेली एक मुलगी, जोआन ग्रीनबर्ग, पुढे लेखिका झाली. तिनं १९६४ मध्ये या अनुभवावर कादंबरी लिहिली, ती जगभर वाचली गेली.

त्याच वर्षांत बाकीच्या रुग्णालयांत काय चाललं होतं? इन्शुलिन टोचून रुग्णाला बेशुद्धीत ढकलणं १९३३ च्या सुमारास सुरू झालं होतं. वर्षभरानं रसायन टोचून झटके आणण्याची पद्धत आली. १९३५ मध्ये पोर्तुगालमध्ये एगाश मोनिझ यांनी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९३८ मध्ये इटलीत विजेचे झटके आले. यातली ही एकच पद्धत सुधारून आजही वापरात आहे, आणि तीव्र नैराश्यात तिचा गुणही येतो. अशा दिवसांत समोर खुर्ची घेऊन नुसतं ऐकत बसणारी बाई म्हणजे रुग्णाला केवढा दिलासा! ‘आमच्याकडे शरीराला हात लावत नाहीत, आम्ही माणसाशी बोलतो’ हा लॉजचा बाणा त्या दिवसांत माणुसकीचा होता. अडचण एवढीच झाली की दिवस बदलले आणि बाणा तसाच राहिला.

दिवस बदलले ते पॅरिसपासून. फ्रेंच नौदलातले शल्यचिकित्सक आंरी लाबोरी शस्त्रक्रियेआधी रुग्णाला शांत ठेवणारं औषध शोधत होते. त्यांच्या हाती आलेलं क्लोरप्रोमाझीन १९५२ मध्ये सेंट-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर दनिकेर यांनी मनोरुग्णांना दिलं. वर्षानुवर्षं आरडाओरडा करणारे वॉर्ड शांत झाले. दोन वर्षांत ते अमेरिकेच्या बाजारात आलं.

या कथेचा दुसरा झरा मुंबईतून निघतो, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सर्पगंधेची मुळी वेडावरचं औषध म्हणून बिहारकडे लोक पिढ्यानपिढ्या वापरत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचे दोन्ही गुण नोंदवले: रक्तदाब उतरतो आणि भडकलेलं मन शांत होतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचे आपले निष्कर्ष १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं. ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात वापरून पाहणारे डॉक्टर होते नेथन क्लाइन. होय, ज्यांच्याकडे पंचवीसेक वर्षांनी ओशेरॉफ गेले तेच. १९५७ चा लास्कर पुरस्कार सहाजणांना विभागून मिळाला. त्यांत लाबोरी, दनिकेर आणि क्लाइन होते, तसेच मुंबईचे वकीलही होते.

रिसर्पिननं जाता जाता आणखी एक गोष्ट करून ठेवली. रक्तदाबासाठी ते घेणारे काहीजण खिन्न होऊ लागले. हे औषध मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा करतं असं दिसून आलं. तेव्हा, ती रसायनं कमी झाली की माणूस खिन्न होत असेल का, असा तर्क निघाला. तो पुढे बराच ढिला पडला, पण नैराश्यावरच्या औषधांचा बाजार कित्येक दशकं त्याच तर्कावर चालला. दरम्यान १९५७ पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा नैराश्यावरचा गुण जाहीर केला होता.

म्हणजे गोळ्या आल्या, आणि बोलण्याचे उपचार तर होतेच. आपल्याला वाटेल, चला, दोन्ही वापरा. तसं झालं नाही. पुढची वीस वर्षं अमेरिकेत दोन पंथ उभे राहिले आणि शैव-वैष्णवांच्या तोडीचे भांडले. गंमत अशी की खुद्द फ्रॉइड यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहून ठेवलं होतं की कधी काळी रसायनांनी मनावर थेट परिणाम करता येईल. त्यांच्या शिष्यांनी ती ओळ सोयीनं विसरायचं ठरवलं असावं.

भांडणातले आक्षेप मात्र ऐकण्यासारखे होते. विश्लेषकांना वाटे, गोळीनं दुःख हलकं झालं की रुग्णाला बोलायची निकडच उरणार नाही. गोळी लिहून देणारा डॉक्टर रुग्णाच्या मनात सर्वशक्तिमान बापाच्या जागी जाऊन बसतो आणि बैठकांतलं नातं बिघडतं. गोळीवाल्यांचा उलटा आक्षेप होता: नुकत्याच सावरलेल्या माणसाच्या जुन्या जखमा उकरल्या तर आजार उलटेल. या दोन्हींच्या मागे एक जुनी समजूत दबा धरून होती. कष्टाविना मिळालेलं बरेपण खरं नव्हे. जेरल्ड क्लर्मन नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी तिला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्विन यांच्या कडक पंथावरून ‘औषधी कॅल्विनवाद’ असं नाव दिलं. ही समजूत आपल्याकडेही काही कमी नाही. ‘मन खंबीर कर’, ‘किती दिवस गोळ्यांवर काढणार’, ‘सवय लागेल हं’ ही वाक्यं ज्या घरात कधी ऐकू आली नाहीत असं घर मला माहीत नाही.

या वादाला आकड्यांची कसोटी लावायचा प्रयत्नही झाला. कॅलिफोर्नियातल्या कॅमारियो इथल्या सरकारी रुग्णालयात फिलिप मे यांनी पहिल्यांदाच दाखल झालेल्या २२८ स्किझोफ्रेनिया रुग्णांवर वेगवेगळे उपचार तोलून पाहिले. १९६८ मध्ये आलेला निष्कर्ष विश्लेषकांना झोंबणारा होता: औषधाविना नुसत्या बोलण्यानं या आजारात फारसं काही साधत नव्हतं. विश्लेषक म्हणाले, बोलणारेच कच्चे होते. वाद जागच्या जागी राहिला.

खरी उकल झाली ती न्यू हेवन आणि बॉस्टन इथल्या एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रयोगात. मला या साऱ्या इतिहासातलं हेच प्रकरण सर्वांत आवडतं, कारण त्यात कोणालाही कोणाचा पराभव करायचा नव्हता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस येल विद्यापीठात असलेल्या क्लर्मन यांना एक साधा प्रश्न पडला होता. नैराश्याचा रुग्ण गोळ्यांनी बरा झाला, तर त्या पुढे किती दिवस चालू ठेवायच्या? प्रयोग औषधाचाच होता. पण प्रत्यक्ष दवाखान्यांत रुग्णांशी कोणी ना कोणी बोलतही असे. तेव्हा प्रयोग खऱ्या व्यवहारासारखा व्हायचा तर त्यात बोलणंही हवं, असं ठरलं. हे काम लावून द्यायला एक तरुण समाजसेविका अर्धवेळ नोकरीवर आली. घरी लहान मुलं होती, म्हणून अर्धवेळ. तिचं नाव मर्ना वाइसमन. पुढे ती स्वतः नावाजलेली संशोधक झाली आणि बऱ्याच वर्षांनी क्लर्मन यांची पत्नीही.

प्रयोगात दीडशे बायका होत्या. चार ते सहा आठवडे ॲमिट्रिप्टिलिन घेऊन उतार पडलेल्या. पुढचे आठ महिने काहींना खरी गोळी चालू ठेवली, काहींना खोटी दिली, काहींची गोळीच बंद केली. या तिन्ही गटांतल्या निम्म्या जणी दर आठवड्याला समाजसेविकेशी बोलायला येत, उरलेल्या महिन्यातून एकदा जुजबी तब्येत सांगून जात. बोलण्याला तेव्हा धड नावही नव्हतं; त्याला नुसतं ‘जास्त संपर्क’ म्हणत.

पण औषधाच्या प्रयोगात गोळीचे मिलिग्रॅम ठरलेले असतात, तसं बोलण्याचं माप कुठे आहे? तेव्हा या चमूनं समाजसेविका नेमकं काय करतात ते लिहून काढायला घेतलं. त्यातून जे तयार झालं ते बालपणाच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरत नव्हतं. चार गोष्टी पाहायच्या. कोणी जवळचं गेलं आहे का? घरात, नवऱ्याशी, सासरी तंटा आहे का? आयुष्यात मोठा बदल झाला आहे का, म्हणजे लग्न, बाळंतपण, निवृत्ती, स्थलांतर? की मुळात जवळचं म्हणावं असं माणूसच नाही? यांतली एखादी निवडायची आणि ठराविक आठवडे तिच्यावरच काम करायचं. सुरुवातीलाच रुग्णाला सांगायचं की तुम्हाला आजार झाला आहे. तुम्ही आळशी नाही, कमकुवत नाही. टायफॉइडच्या माणसाला कोणी पाणी भरायला लावत नाही, तशी तुम्हालाही काही दिवस सूट आहे.

आजार आहे हे बोलणाऱ्यानंच कबूल केल्यावर गोळीशी त्याचं भांडण उरत नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. या उपचाराला पुढे ‘इंटरपर्सनल थेरपी’ हे नाव मिळालं आणि १९८४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं.

निष्कर्ष १९७४ मध्ये आले. गोळी चालू ठेवलेल्या बायकांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. बोलण्यानं उलटणं तितकंसं थांबलं नाही. पण ज्यांचा आजार उलटला नाही, त्यांच्यात सहा ते आठ महिन्यांनी वेगळाच फरक दिसू लागला: बोलायला येणाऱ्यांचं घरातलं, कामातलं, नात्यांतलं वागणं सुधारलं होतं. गोळीनं ते केलं नव्हतं. आणि ज्या भीतीवर वीस वर्षं वाद चालला, तिचा मागमूस सापडला नाही. गोळी घेणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या नव्हत्या, बोलणाऱ्यांचा आजार बोलण्यानं उलटला नव्हता. झोप, भूक, रडू हे गोळीच्या खात्यात. नवरा, नोकरी, शेजार हे बोलण्याच्या खात्यात. बोलण्याची फळं यायला मात्र निम्म्याहून जास्त वर्ष लागलं.

हे निकाल छापून येऊन पाच वर्षं झाली होती, तेव्हा ओशेरॉफ लॉजच्या बोळात चालत होते.

अखेर त्यांच्या आईनं त्यांना तिथून हलवलं. कनेटिकटमधल्या सिल्व्हर हिल रुग्णालयात औषधं सुरू झाली आणि तीन आठवड्यांत फरक दिसला. तीन महिन्यांच्या आत ते घरी गेले. पण घर कुठलं? आजारपणात बायको सोडून गेली होती, मुलांचा ताबा गेला होता, व्यवसाय हातातून सुटला होता. १९८२ मध्ये त्यांनी लॉजवर दावा लावला. लवादानं अडीच लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. दोन्ही बाजूंनी तो अमान्य केला आणि १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात निवाडा म्हणून काहीच उरलं नाही.

ओशेरॉफ यांच्या बाजूनं जे तज्ज्ञ उभे राहिले, त्यांत क्लर्मन होते. १९९० मध्ये त्यांनी या खटल्यावर लेख लिहिला. पुराव्यानं गुण ठरलेला उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच नियतकालिकात ॲलन स्टोन यांनी उत्तर दिलं: एका तडजोडीवरून सगळ्या धंद्याला नियम लावू नका, नाहीतर ज्याचं मोजमाप सोपं नाही असा प्रत्येक उपचार गुन्हा ठरेल. क्लर्मन यांना ‘गोळीवाले’ ठरवून टाकणाऱ्यांना एक गोष्ट सोयीची नव्हती. बोलण्याच्या उपचाराला प्रयोगाच्या कसोटीवर घासून उभं करणाऱ्यांतलेच ते एक होते.

लॉजचा खरा पराभव घरातूनच झाला होता. तिथलेच डॉक्टर थॉमस मॅकग्लाशन यांनी सुटून गेलेल्या जुन्या रुग्णांचा वर्षानुवर्षांनी माग काढला आणि १९८४ मध्ये छापलं की स्किझोफ्रेनियाच्या बहुतेकांचं काही बरं झालेलं नाही. आपल्याच संस्थेबद्दल असं लिहायला छाती लागते.

पुढच्या वर्षांत पुरावा साचत गेला. २००० मध्ये जुनाट नैराश्याच्या ६८१ रुग्णांवरचा मोठा अमेरिकी अभ्यास आला. नुसती गोळी किंवा नुसतं बोलणं यानं ४८ टक्के रुग्णांना गुण आला, दोन्ही मिळून ७३ टक्क्यांना. त्यातली गोळी होती नेफाझोडोन. यकृताला इजा होते म्हणून थोड्याच वर्षांत मूळ कंपनीनं ती बाजारातून काढून घेतली. जोडीच्या बाजूचा सर्वांत गाजलेला पुरावा ज्या औषधावर उभा होता, ते औषधच गेलं. कुमारवयीनांवरच्या २००४ च्या अभ्यासातही जोडीच पुढे होती: ७१ टक्के, नुसत्या फ्लुऑक्सेटिनला ६१, नुसत्या बोलण्याला ४३.

आणि नेमकं तेव्हाच अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी जोडी मोडली. डॉक्टरनं पंधरा मिनिटांत गोळ्या लिहायच्या, बोलायला दुसरं कोणी. पूर्वी पंथ भांडत होते म्हणून रुग्णाला दोन्ही मिळत नसे. आता बिलं वेगळी म्हणून मिळेना.

न्यू हेवनमधल्या त्या उपचाराची एक फांदी मात्र फार लांब, आपल्या दारापर्यंत आली. गोव्यात १९९६ पासून ‘संगाथ’ ही संस्था काम करते. तिथल्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यांत येणाऱ्या ४५० रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये छापला. त्यात दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. बोलण्याचा उपचार मात्र खोट्या गोळीपेक्षा पुढे गेला नाही. एखादा चमू इथे गोळीकडे वळला असता. यांनी पुढच्या प्रयोगात, ‘मानस’मध्ये, दोन्ही एकत्र बांधलं आणि बोलण्यासाठी वाइसमन-क्लर्मन यांचीच पद्धत घेतली. बोलणारे डॉक्टर नव्हते, समाजसेवकही नव्हते. स्थानिक पदवीधरांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं होतं. ‘डिप्रेशन’चा शिक्का न मारता लोकांच्या तोंडचा ‘टेन्शन’ हा शब्द वापरायचा. गोळीची गरज वाटली तर डॉक्टर लिहून देणार, ती सोडू नका हे समुपदेशक सांगणार.

२४ दवाखाने, बारा सरकारी आणि बारा खासगी; २७९६ रुग्ण. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत आजाराचं निदान पक्कं झालेल्यांपैकी ६६ टक्के बरे होते. जिथे समुपदेशक नव्हते तिथे साडेबेचाळीस. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असोत वा नसोत, फरक पडला नाही. दोन्हीकडे बरे होणाऱ्यांचं प्रमाण आधीच चांगलं होतं. मला यात गोव्यातला जुना फॅमिली डॉक्टर दिसतो. घरातल्या तीन पिढ्या ओळखणारा, नाडी पाहता पाहता ‘मुलगा दुबईला पोचला का’ विचारणारा. तो बोलण्याचं काम बहुधा आधीपासूनच करत होता, फक्त त्याला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

चेस्टनट लॉज २००१ मध्ये बंद पडलं. इमारत रिकामी होती, तिथे सदनिका करायचं चाललं होतं. २००९ च्या जूनमध्ये तिला आग लागली आणि ते जुनं हॉटेल जळून गेलं. गोव्याच्या सरकारी दवाखान्यांत तेव्हा ‘मानस’चं काम चालू होतं. केसपेपर काढलेली माणसं डॉक्टरांच्या खोलीतून चिठ्ठी घेऊन बाहेर येत आणि समुपदेशकासमोरच्या खुर्चीवर बसत.